कडूबाच्या नावानं आलेला मेल

कडूबा दर बाजाराला वंदनाच्या टायपिंगच्या दुकानात यायचा, आणि तो आला की लोणारच्या बसस्थानकावर उभ्या असलेल्या प्रत्येकाला त्याच्या घरची हकीकत कळायची. कान पार गेलेले. त्यामुळे तो बोलायचा तोच मुळी या बांधावरून त्या बांधावर बोलावं तसा. फोन कानाला लावून उपयोग नव्हता. म्हणून चाकणला कंपनीत असलेल्या मुलाला, हर्षलला, तो मेल पाठवायचा. मेलचं खातं वंदनानंच उघडून दिलं होतं आणि ते तिच्याच कॉम्प्युटरवर होतं. भाजी विकून झाली की रिकामी टोपली दाराशी ठेवायची, स्टुलावर बसायचं आणि सांगायला लागायचं. वंदना तो बोलेल तसंच, त्याच्याच बोलीत टाईप करायची. हर्षलचं उत्तर आलं की मोठ्या अक्षरात छापून ठेवायची. कडूबा चौथी शिकलेला होता. चष्मा लावून ते स्वतःच वाचायचा, तेही मोठ्यानं.

गेल्या वर्षी पोळ्यानंतर आठ दिवसांनी कडूबा वारला. वंदना मातीला गेली होती. त्याचं मेलचं खातं बंद करावं असं तिच्या मनात आलं होतं, पण कसं करतात ते माहीत नव्हतं. मग ते तसंच राहिलं.

यंदाच्या मार्चात एका सकाळी तिनं कॉम्प्युटर सुरू केला तर टायपिंगच्या पानावर वरच्या बाजूला लाल पट्टी आलेली. अक्षर उमटेना. कॉम्प्युटर मलकापूरहून जुना घेतलेला. त्यात आधीच्या मालकानं काय काय टाकलं होतं हे तिनं कधी विचारलं नव्हतं आणि तिला कोणी सांगितलंही नव्हतं. आता पट्टी सांगत होती की हे सॉफ्टवेअर अधिकृत नाही, आधी विकत घ्या. समोर भाऊराव मुख्याध्यापकांच्या शाळेच्या प्रश्नपत्रिका पडलेल्या. परवापासून परीक्षा.

तिनं मेहकरच्या धम्मरत्नला फोन लावला. कॉम्प्युटर बिघडला की तोच येऊन बघायचा.

"मी नागपूरले आहो, ताई," तो म्हणाला. "चार दिवस थांबा. आल्यावर ओरिजिनल घेऊन टाकू, कायमची कटकट जाईन."

"चार दिवस कुठले थांबू? परीक्षा परवा आहे."

"मग दुसऱ्याच्या दुकानातून काढून घ्या. पण तुम्ही काही डाऊनलोड करू नका."

वंदनानं ते ऐकलं, पण पुरतं ऐकलं नाही. दुसऱ्याच्या दुकानात प्रश्नपत्रिका न्यायची म्हणजे त्या फुटायची भीती. तिनं मोबाईलवर शोधलं. एका व्हिडिओत एक जण हिंदीत समजावून सांगत होता की दोन मिनिटांचं काम आहे, लाखो लोकांनी केलंय, फक्त आधी अँटीव्हायरस बंद करा, नाहीतर तो उगीच अडवतो. तिनं तो बंद केला. खालच्या लिंकवरून फाईल उतरवली, चालवली. काळी खिडकी उघडली, त्यात हिरव्या ओळी भराभर वर गेल्या आणि खिडकी आपोआप मिटली. लाल पट्टी गेलेली होती. अक्षर उमटत होतं.

तिला स्वतःचं कौतुक वाटलं. प्रश्नपत्रिका वेळेवर गेल्या. धम्मरत्न नागपूरहून परतला तेव्हा त्यानं फोन केला, तर ती म्हणाली, "झालं सुरू आपोआप." असं का म्हणाली ते तिचं तिलाच कळलं नाही. करू नका म्हटलेलं केलं होतं, एवढंच.

मशीन नीट चालत होतं. फक्त कधीकधी काहीच काम नसताना आतला पंखा घरघरायला लागायचा. वंदनाला वाटायचं, उन्हाळा आहे.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात भाऊराव मुख्याध्यापक दुकानात आले आणि मोबाईल पुढे धरून म्हणाले, "वंदनाबाई, हे काय पाठवलं? उघडत नाही."

तिनं पाहिलं. मेल तिच्या दुकानाच्या नावानं होता. खाली तिनं पूर्वी त्यांना पाठवलेला मजकूर जसाच्या तसा, आणि वर दोन नवी वाक्यं: 'आपल्या उत्तराची अद्याप वाट पाहत आहे. कृपया जोडलेली फाईल तातडीने पाहावी.'

"मी नाही पाठवलं, सर."

"नाव तर तुमचंच आहे."

"हो, नाव माझंच आहे."

तिनं त्यांच्यासमोर कॉम्प्युटरवर पाठवलेल्या मेलची यादी उघडली. त्यात असं काही नव्हतं. भाऊराव बघत राहिले, मग म्हणाले, "चुकून झालं असेल," आणि गेले. वंदनाला मात्र ते दिवसभर टोचत राहिलं. मजकूर आपलाच, नाव आपलंच, आणि आपण पाठवलेलं नाही. की पाठवलं आणि विसरलो? परीक्षेच्या गडबडीत ती इतके कागद इकडून तिकडे करत होती, की स्वतःची पुरती खात्री तिला देता येईना.

दुसऱ्या दिवशी दुपारी हर्षलचा फोन आला. कडूबा गेल्यापासून त्याचा आवाज तिनं ऐकला नव्हता.

"वंदनाताई, एक विचारायचं होतं. आबाचं मेलचं खातं आता कोण वापरते?"

"कोणी नाही. का रे?"

"मले आबाचा मेल आला."

वंदनाला वाटलं, जुना कुठला तरी अडकलेला असेल. तसं ती म्हणालीही.

"जुना नाही, ताई. कालचा आहे. खाली जुनं पत्र आहे, ते छकुलीवालं. आणि वरतं लिहिलं आहे, का तुह्या उत्तराची अजून वाट पाहून राह्यलो, असं काहीतरी."

छकुलीवालं पत्र तिला पाठ होतं. गेल्या वर्षी मार्चातच, याच स्टुलावर बसून कडूबानं सांगितलं होतं: 'हर्षल, वांगे लावले. बोअरले पाणी हाय. यंदा सुट्टीत छकुलीले आठ दिवस इकडं पाठव. तू नाही आला तरी चालते, मी मेहकरपर्यंत घ्याले येतो. तिले वाफ्यात पाणी सोडता येते का पाहू. पाठवतो का नाही ते लवकर कळव.' छकुली म्हणजे हर्षलची मुलगी, तेव्हा सात वर्षांची. त्या पत्राला उत्तर आलंच नाही. पुढच्या बाजाराला कडूबानं विचारलं, "आलं का बाई?" त्याच्या पुढच्याही विचारलं. त्यानंतर विचारणं सोडलं. तेव्हा वंदनाला हर्षलचा असा राग आला होता, की त्याच्या नावानं आपणच दोन ओळी छापून म्हाताऱ्याच्या हातात द्याव्यात असं तिच्या मनात येऊन गेलं होतं. दिल्या नव्हत्या. पण मनात आलं होतं.

"ताई," हर्षल म्हणाला, आणि आता त्याचा आवाज वेगळा होता, "हे लिहिलेलं पत्र फक्त तीन जणायपाशी होतं. आबापाशी, माह्यापाशी अन् तुमच्यापाशी. तुम्ही माह्यावर राग काढून राह्यल्या का?"

"काय बोलतोस तू?"

"मग कोणं पाठवलं?"

तिनं कडूबाचं खातं उघडून पाहिलं. शेवटचा मेल गेल्या श्रावणातला होता. त्यानंतर त्या खात्यातून काही गेलेलं नव्हतं. ती हर्षलला तेच सांगत राहिली, आणि जितकं सांगत होती तितकं ते तिला स्वतःलाच खोटं वाटायला लागलं. फोन ठेवताना तो एवढंच म्हणाला, "त्या मेलसंगं आलेली फाईल मोबाईलवर उघडली नाही म्हणून मी कंपनीतल्या कॉम्प्युटरवर उघडली. आता कंपनीवाल्यायनं माहं मशीन नेलं, अन् मले विचारून राह्यले, हा कडूबा कोण?"

दोन दिवसांनी सकाळी अकराच्या सुमाराला हर्षल आपल्या आईला घेऊन दुकानाच्या पायरीवर उभा राहिला. गोजरबाई डोक्यावरचा पदर सावरत आत आली आणि स्टुलावर बसली. तिनं कोणाकडे पाहिलं नाही, फक्त कॉम्प्युटरकडे पाहिलं.

"मायले मी सांगणार नव्हतो," हर्षल म्हणाला. "पण अचानक काऊन आला म्हणून ती सारखी विचारे. मग सांगावं लागलं."

गोजरबाई म्हणाली, "वंदना, त्यायचं पत्र आलं म्हणते हा. वाचून दाखव मले."

"काकू, ते त्यांचं नाही."

"मग कोणाचं आहे?"

"तेच कळत नाही."

"वाच त मंग. आपुन आयकून पाहू."

हर्षलनं मोबाईल वंदनाच्या हातात दिला. तिनं वाचलं. 'आपल्या उत्तराची अद्याप वाट पाहत आहे. कृपया जोडलेली फाईल तातडीने पाहावी.' आणि खाली नाव, कडूबा.

गोजरबाईनं मान हलवली. "हे त्यायचं बोलणंच नाही. चाळीस वर्सं संसार केला, मले त्यायनं कधी कृपया म्हटलं नाही. पोराले काऊन म्हणतीन?"

हर्षलला हसू आलं आणि ते अर्ध्यावरच मोडलं. वंदना मात्र त्या वाक्याकडे बघत राहिली. हीच दोन वाक्यं तिनं आधी पाहिली होती. अक्षरशः हीच, भाऊराव मुख्याध्यापकांच्या मोबाईलवर.

तेवढ्यात धम्मरत्न आला. तिनं त्याला आदल्या दिवशीच बोलावून ठेवलं होतं. तिनं सगळं सांगितलं, म्हणजे जवळजवळ सगळं. त्यानं हर्षलचा मोबाईल घेतला आणि मेलमधल्या कडूबाच्या नावावर बोट टेकवलं. नावाखाली पत्ता उघडला. तो कडूबाचा नव्हताच. परदेशातल्या कुठल्या तरी दुकानाचा वाटावा असा, वाचताही न येणारा पत्ता होता.

"नाव कोणीबी लिहू शकते," धम्मरत्न म्हणाला. "पाकिटावर मागच्या बाजूले कोणाचंबी नाव टाकावं, तसं. म्हणून तुमच्या यादीत काही दिसून नाही राह्यलं. ते इथून गेलंच नाही."

"मग खालचं पत्र?" हर्षलनं विचारलं. "ते तर खरं आहे."

"ते इथूनच गेलं. कोणी तरी या मशीनमधून समदे मेल उचलून नेले. तिकडं त्यायचं मशीनच पत्र उचलते, वरतं तेच दोन वाक्य चिटकवते आणि धाडून देते. वाचणाऱ्याले वाटते, आपलं माणूस आहे, आणि तो फाईल उघडते."

मग तो कॉम्प्युटरपुढे बसला. बाहेर मेहकरची बस लागली, कंडक्टरनं दोनदा बेल दिली. धम्मरत्ननं उतरवलेल्या फाईलींची यादी उघडली, खाली खाली गेला आणि थांबला.

"ताई, अँटीव्हायरस कोणं बंद केला?"

तिला वाटलं, म्हणावं, आपोआप बंद झाला असेल. ते वाक्य ओठांपर्यंत आलंही. पण समोर गोजरबाई बसली होती, नवऱ्याच्या नावानं आलेला मेल ऐकायला चार किलोमीटर चालत आलेली.

"मी," वंदना म्हणाली. "मार्चात लाल पट्टी आली होती ना, तेव्हा मीच ते फुकटचं उतरवलं. तुम्ही नको म्हटलं होतं. मला वाटलं, आपलं आपण केलं तर काय बिघडतं. आपोआप सुरू झालं म्हणाले ते खोटं होतं."

धम्मरत्न रागावला नाही. ते तिला जास्त लागलं. तो हळू म्हणाला, "लाल पट्टी काढून देतो म्हणून त्यायनं दार उघडून घेतलं, ताई. कुलूपही तुमच्याच हातानं काढून घेतलं."

"काय काय नेलं?"

"मेल गेले हे दिसतेच. पासवर्ड गेले असं धरून चाला. बाकी..." त्यानं पडद्यावरच्या एका फोल्डरवर बोट ठेवलं. त्यात तिच्याकडे फॉर्म भरायला येणाऱ्या लोकांची आधार कार्डं, सातबारे, बँकेच्या पासबुकाची पहिली पानं, फोटो होते. चार वर्षांचे. काम झालं की पुसून टाकायचे, पण पुन्हा लागतील म्हणून तिनं ठेवलेले. "हे गेलं का राह्यलं, मले सांगता येत नाही. कोणालेच सांगता येणार नाही."

वंदनाला इतका वेळ वाटत होतं, की काय झालं हे एकदा कळलं की डोकं ठिकाणावर येईल. आता कळलं होतं, आणि ते आणखीच फिरलं. चूक आपली, हे ठीक. पण झालेलं केवढं, कुठवर, कोणाचं, याचा अंदाजच नव्हता. भिंत पडली तर निदान विटा मोजता येतात. इथे सगळं जागच्या जागी दिसत होतं. कॉम्प्युटर तसाच, फाईली तशाच.

हर्षल उठून दारापर्यंत गेला आणि परत आला. "मी तुमच्यावर संशय घेतला, ताई."

"घ्यायलाच पाहिजे होता. केलं तर मीच आहे."

"पण मुद्दाम नाही केलं."

"मुद्दाम नाही," ती म्हणाली, आणि वर्षापूर्वी मनात आलेल्या त्या दोन ओळी तिला आठवल्या. ते काही ती त्याला सांगू शकली नाही.

कंपनीनं हर्षलकडून लेखी खुलासा मागितला होता. कॉम्प्युटर आता सुरू ठेवायचा नव्हता, म्हणून वंदनानं कोऱ्या कागदावर हातानं लिहून दिलं, की हा मेल माझ्या दुकानातल्या कॉम्प्युटरवरून चोरीला गेलेल्या मजकुरावरून तयार झाला, त्या कॉम्प्युटरवर अनधिकृत सॉफ्टवेअर मी स्वतः टाकलं होतं, आणि यात हर्षलचा काही दोष नाही. दिवसभर दुसऱ्यांचे अर्ज लिहिणारी ती. पण या अर्जातल्या 'मी स्वतः' या शब्दांशी तिचा पेन दोनदा अडला. खाली सही केली, दुकानाचा शिक्का मारला. हर्षलनं कागद वाचून घडी घातली.

सगळं झाल्यावर गोजरबाई उठली. दाराशी जाऊन थांबली.

"वंदना, एक सांग. त्यायनं किती पत्रं लिवले आसतीन?"

"साठ-सत्तर तरी असतील, काकू."

"मंग त्या मशीननं हेच काऊन उचललं?"

वंदनानं धम्मरत्नकडे पाहिलं. तो म्हणाला, "ते पाहून नाही उचलत, काकू. हातात येईन ते."

"हाव," गोजरबाई म्हणाली. मग मुलाकडे वळून, "तू तवा पोरीले काऊन नाही पाठवलं? मी फोनवर इचारलं त पाहतो म्हणे."

हर्षल खाली बघत म्हणाला, "तिचा डान्सचा क्लास होता सुट्टीत. मग मले वाटलं, पुढच्या वर्षी पाठवू." एवढं बोलून तो आईच्या मागं पायरी उतरला.

धम्मरत्ननं कॉम्प्युटर नेला, सगळं पुसून काढलं आणि या वेळी सॉफ्टवेअर विकतचं टाकून आणलं. तोवर आठ दिवस दुकानात फक्त झेरॉक्स चालू होतं. वंदनानं दुसऱ्याच्या मोबाईलवरून सगळे पासवर्ड बदलले. मग जुनी रजिस्टरं काढून एकेकाला फोन लावायला सुरुवात केली. माझ्या नावानं काही आलं तर उघडू नका. तुमचे कागद माझ्याकडे होते, बँकेचा मेसेज आला तर लक्ष ठेवा. कोणी म्हणालं बरं झालं सांगितलं. कोणी म्हणालं, आम्ही तुमच्यावर विश्वासानं कागद दिले होते. खामगावच्या एका माणसानं शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण हे तुम्हीच बोलून राह्यल्या कशावरून?" दुकानात येऊन जा, एवढंच वंदना म्हणाली.

हर्षलची नोकरी टिकली, पण त्याला ताकीद मिळाली. मे महिन्यात तो छकुलीला घेऊन चार दिवस आला. वंदनाला ती बसस्थानकावर दिसली, बापाचं बोट धरून, उन्हानं तोंड लाल झालेली, कधी एकदा बसमध्ये बसते असं झालेली. गोजरबाई सोडायला आली होती. "वाफ्यात पाणी सोडलं का गं?" वंदनानं विचारलं तर पोरीनं मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून, काही कळलं नाही.

जूनमध्ये एक दिवस महामाया आली. ती शेजारच्या गावात अंगणवाडीत होती. तिच्या मोबाईलवर पुन्हा तेच. 'आपल्या उत्तराची अद्याप वाट पाहत आहे.' वर नाव वंदनाचं, खाली दोन वर्षांपूर्वीचा अर्ज. वंदनानं धम्मरत्नला फोन केला. तो म्हणाला, असं आणखी वर्षभर चालू शकतं, एकदा नेलेलं परत आणता येत नाही.

"म्हणजे मी इथं बसलेली आहे," वंदना म्हणाली, "अन् तिकडं कुठं तरी माझ्या नावानं कोणी बोलून राह्यलं."

"हाव, ताई."

महामाया समोर उभी राहून वाट बघत होती. वंदनानं तिला नावाखालचा पत्ता उघडून दाखवला, कसा ओळखायचा ते दोनदा समजावून सांगितलं आणि मेल पुसून टाकायला लावला. मग महामायानं पिशवीतून आधार कार्ड काढलं. नवा फॉर्म भरायचा होता. वंदनानं ते हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि स्कॅनरवर ठेवायच्या आधी तिला विचारलं, "माझ्याकडेच भरायचा ना?"

महामाया थोडी गोंधळली. "मग काय," ती म्हणाली, "त्याच्यासाठीच तर आली."